घसा, पिवळ्या, स्ट्राँग

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७

घसा धरलाय. गिळताना काटा अडकल्यासारखं होतं. नाक वाहतंय, खोकला कोरडा, आवाज बसलेला. ताप नाही, पण थर्मामीटर जुना आहे. त्याच्यावर माझा भरवसा नाही.

आजारी पडायला अजिबात वेळ नाही. येत्या सोमवारपासून नात शाळा सुटली की आमच्याकडे येणार. सूनबाईच्या ऑफिसची वेळ बदलली, तेव्हा एक ते सहा पोरीला कुठे ठेवायचं हा प्रश्न निघाला. उत्तर दोन गल्ल्या पलीकडे रिकामं बसलेलं असताना बाईसाहेब पाळणाघराचा फॉर्म घेऊन आल्या. मी एवढंच म्हटलं, की धडधाकट आजी असताना नातीला पाळणाघरात ठेवणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. हे मी चार वेळा म्हटलं. तेव्हा म्हणाली, ठीक आहे आई, दोन आठवडे बघू, मग ठरवू.

बघू म्हणजे काय. मी काय ट्रायलवर आणलेलं वॉशिंग मशीन आहे?

आणि जाता जाता दारातून, तोवर तुमचा घसा बरा हवा हं आई, हिला लगेच लागण होते.

संकल्प: रविवारपर्यंत ठणठणीत. एकतीस वर्षं विमा कंपनीत मेडिकल क्लेम तपासलेत मी. डॉक्टरांनी खरडलेले इतके कागद वाचलेत, की बहुतेक रोग मला नावानिशी ओळखतात.

आमच्या ह्यांचाही घसा धरलाय. आधी कोणाचा धरला यावर मतभेद. ते शनिवारपासून खाकरतायत, म्हणजे उगम तिकडे.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२

दोघं दवाखान्यात जाऊन आलो. म्हातारे डॉक्टर रिटायर झाले. काय माणूस होता. फोनवर माझा नुसता आवाज ऐकून अँटिबायोटिक सांगायचा. तपासणंबिपासणं काही नाही. त्यांच्या खुर्चीत आता एक पोनीटेल बसते. वय माझ्या नोकरीपेक्षा कमी.

पोनीटेलने बॅटरी मारून घसा पाहिला, मान चाचपली, ताप मोजला. मग चौकशी. खोकला आहे का. आहे. नाक वाहतंय का. वाहतंय. आवाज बसलाय का. हे तिला ऐकू येत होतं. म्हणाली, मग व्हायरल आहे आजी, पाच-सात दिवसांत आपोआप जाईल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, गरम काहीतरी पीत राहा, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, आराम करा.

मी कोणाची आजी आहे ते मी ठरवते. ते जाऊ दे. मी म्हटलं, आणि अँटिबायोटिक? म्हणाली, ते बॅक्टेरियाला मारतं, व्हायरसचं काही वाकडं करत नाही. उगाच घेतलंत तर पोट बिघडेल, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा लागू पडणार नाही. मी म्हटलं, माझं पोट माझ्यावर सोडा.

भिंतीवर तिने चक्क तक्ता लावलाय. डावीकडे खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज: बहुतेक व्हायरल, धीर धरा. उजवीकडे ताप, गळ्यात दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, आणि खोकला नाही: टेस्ट करू. खाली लाल अक्षरात, नाव माहीत नसलेली गोळी घेऊ नका. सगळं रंगीत, बालवाडीत असतं तसं. इतकी वर्षं डॉक्टरकी शिकून शेवटी चित्रकला.

ह्यांनी चष्मा लावून तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि थँक्यू डॉक्टर म्हणाले. ह्यांना कोणी दंड केला तरी थँक्यू म्हणतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

केमिस्टकडे गेले. बावीस वर्षांची ओळख. म्हटलं, घशाच्या नेहमीच्या पिवळ्या द्या. तो म्हणाला, चिठ्ठी? मी म्हटलं, मी समोर उभी आहे ना. म्हणाला, काकू, आता चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाही देता येत, फार कडक झालंय. चघळायच्या लिंबाच्या गोळ्या देऊ का?

औषधांचं दुकान म्हणे. पेपरमिंट विकतो.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९

डबा काढला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर घोडागाडी. आत पाकिटं. आमच्या घरात कुठलाही कोर्स पूर्ण होत नाही. बरं वाटलं की मी थांबवते आणि उरलेलं जपून ठेवते. पोनीटेलच्या पिढीला न कळणारा एक शब्द आहे याला: संसार. गोळ्यांच्या पट्ट्या पाकिटात नीट बसाव्यात म्हणून मी कडा कापते. कडांबरोबर नावं जातात, पण त्याने काही अडत नाही, कारण प्रत्येक पाकिटावर मी लेबल लावते. कॉन्व्हेंटचं अक्षर आहे. आजही कोणी वाचावं.

आजची शिल्लक: ‘घसा/दात, कॅप्सूल’ पाच, या मुलाच्या अक्कलदाढेच्या. ‘घसा, पिवळ्या’ चार, या माझ्या. ‘घसा, स्ट्राँग’ तीन, पांढऱ्या, छोट्या. या कधीच्या ते आठवत नाही. पण स्ट्राँग असं मी विनाकारण लिहिणार नाही.

पाच, चार आणि तीन, बारा. कोर्स तयार. याला कोणाची चिठ्ठी लागत नाही.

शाळेत घसा दुखला की सिस्टर सुपीरियर कापसाच्या बोळ्याने तपकिरी पेंट लावायच्या, थेट आत. उलटी यायची बाकी राहायची. पण नंतर वर्षभर कोणाचा घसा दुखत नसे. उपचार असा असतो. गरम काहीतरी प्या, हा उपचार नाही, हा पाहुणचार आहे.

आजच्या आज तीन कॅप्सूल. सुरुवात जोरात हवी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उरलेल्या दोन कॅप्सूल घेतल्या. पोट बिघडलं. सकाळपासून पाच खेपा. ह्यांनी केलेल्या सूपमध्ये मिरपूड जास्त होती. शिवाय पोनीटेलने परवा पोटाचा विषय काढला होता. काढायला नको होता.

घसा तसाच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज स्ट्राँग. अकरा वाजता एक घेतली. साडेअकरा ते चार गाढ झोप. जिभेचा टीपकागद झाला होता, पण इतक्या वेळात घसा एकदाही दुखला नाही. औषध मुळापर्यंत पोचल्याचं लक्षण. मधे सूनबाईचा फोन येऊन गेला म्हणे. ह्यांच्या सांगण्यानुसार मी दोनदा ‘पुढचा कागद’ म्हटलं आणि फोन उशीखाली ठेवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

पिवळी एक. नाक चालू, खोकला चालू.

ह्यांच्या गुळण्यांबद्दल लिहायचं राहिलं. ग्लासभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, चमच्यावरचा ढीग सुरीने सपाट करून. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली, पाण्यावर विश्वास असणारच. आवाज मात्र नळाला हवा आल्यासारखा, जिन्यापर्यंत ऐकू जातो. आज म्हणाले, माझा घसा मोकळा झाला. आणि शीळ घालत फिरायला गेले.

उघड आहे. एका घरात राहतो, एका टेबलाला जेवतो. मी घेतलेल्या औषधाचा गुण त्यांना आला.

९ फेब्रुवारी, रविवार

बरी झाले. सकाळी उठले तर आवाज खणखणीत. ह्यांना तीन हाका मारून खात्री केली.

अँटिबायोटिकने सात दिवसांत काम केलं. पोनीटेलच्या नादी लागले असते तर पाच-सात दिवस गेले असते.

कोर्स थांबवला. तीन पिवळ्या आणि दोन स्ट्राँग परत पाकिटात.

१० फेब्रुवारी, सोमवार

नात आली. वय सात, दुसरीत. मी तिला इन्स्पेक्टर म्हणते. दप्तर ठेवायच्या आत दोन कपाटं आणि फ्रिज उघडून झाला. हे काय आहे, हे कोणी ठेवलं, हे असं का.

डबाही उघडला. म्हटलं, ते औषध आहे, हात लावायचा नाही. म्हणाली, यांच्यावर नावं का नाहीत? म्हटलं, आजीला माहीत आहेत. तेव्हा तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी क्लेमवाल्यांकडे पाहत असे. रक्त माझंच आहे.

दुपारी ऑफिस-ऑफिस खेळलो. ऑफिसातून निघताना मी माझा रबरी शिक्का आणि स्टँप पॅड घेऊन आले होते. शिक्क्यावर एकच शब्द, नामंजूर. तो तिला दिला आणि नियम शिकवला: ज्याला कागद नाही, ते पास करायचं नाही, मग समोर कोणी का असेना. सहापर्यंत ह्यांचा पेपर, एक केळं आणि ह्यांचा डावा हात नामंजूर झाला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उत्तम चाललंय. काल नेताना सूनबाई म्हणाली, घरी आल्यावर तुमच्याबद्दलच बोलत असते. काय बोलते ते मी विचारलं नाही. चांगलंच असणार.

पोरीच्या वहीत शाळेची चिठ्ठी सापडली. ‘वर्गातील तीन मुलांना घशाचा बॅक्टेरियल संसर्ग आढळला आहे, मुलाला ताप आल्यास किंवा गिळताना दुखल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.’ पालकांना मायना नाही, तारीख नाही, आणि मुलीच्या दप्तरात मुलाला ताप. लाल पेनने दुरुस्त केली, खाली दहापैकी सहा दिले आणि वर्गशिक्षिकेला परत द्यायला दप्तरात ठेवली. कोणीतरी लक्ष घालायला हवं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २

इन्स्पेक्टर म्हणते घसा दुखतो.

तपासलं. खोकला नाही. नाक कोरडं. आवाज घंटेसारखा. म्हणजे घसा दुखत नाही. घसा एकटा कधी दुखत नसतो. मागच्या आठवड्यात माझा दुखला तेव्हा नाक, खोकला, आवाज सगळं हजर होतं. आजार म्हणतात तो असा, रीतसर.

विचारल्यावर कळलं, उद्या पाढ्यांची परीक्षा आहे. निदान: पाढे. उपचार: सतराचा पाढा, तीन वेळा.

दुपारी ४.३०

बिस्किटं नको म्हणाली. कपाळ जरा कोमट, पण स्वेटर घातलाय. आता म्हणते डोकंही दुखतं आणि पोटही. क्लेममध्ये लक्षणं वाढायला लागली की तो खोटा समजावा, हा एकतीस वर्षांचा अनुभव.

हे म्हणाले, पोनीटेलला दाखवून आणू का. म्हटलं, पाढ्यांसाठी?

सहा वाजता सूनबाईला काही सांगितलं नाही. ट्रायलच्या चौथ्या दिवशी रडगाणं लावणं बरं दिसत नाही. पोरीलाही म्हटलं, आईला उगाच काळजी नको.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.३०

शाळेतून आली ती थेट पलंगावर. अंग भाजतंय. थर्मामीटर एकशे दोन म्हणतो. जुना आहे, पण आज खरं बोलत असावा. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतंय.

बॅटरी मारून घसा पाहिला. लालभडक. दोन्ही टॉन्सिल सुजलेले, त्यांवर भाताची शितं चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. जबड्याखाली बोट लावलं तर कळवळली. खोकला नाही.

त्या तक्त्याची उजवी बाजू मला आठवली असं नाही. ती आपोआप डोळ्यांसमोर आली.

दवाखाना चारला उघडतो असं वाटून डबा काढला. नंतर कळलं, दोनलाच उघडतो. स्ट्राँगमधली अर्धी गोळी चमच्यात साखरपाण्यात विरघळवली. इन्स्पेक्टरने विचारलं, नाव काय. म्हटलं, स्ट्राँग. म्हणाली, हे नाव नाहीये. म्हटलं, तोंड उघड. उघडलं नाही. बारीक आवाजात म्हणाली, आजी, आजोबा म्हणाले दवाखान्यात लिहिलंय, नाव नसेल तर घ्यायची नाही. आणि तूच म्हणतेस कागद नसेल तर पास करायचं नाही, कोणी का असेना.

मी म्हटलं, मी कोणी नाही, मी आजी आहे.

तिने अंथरुणातून हात काढून उशाचा शिक्का घेतला. अंगात ताप, त्यामुळे तिरका बसला. माझ्या पाकिटावर, माझ्या अक्षरावर. नामंजूर.

एकतीस वर्षांत माझ्या सहीच्या कागदावर कोणी तो मारला नव्हता.

वर पाहिलं तर हे दारात, पायांत बूट. म्हणाले, चल गं बाळा. आणि मला म्हणाले, तू सुनेला फोन लाव. बेचाळीस वर्षांत ह्यांनी मला दोन हुकूम दिले. पहिला गॅस बंद कर असा होता, तेव्हा स्वयंपाकघर पेटलं होतं.

फोन लावला. नंबर दोनदा चुकला. फोनची बटणं लहान आहेत.

संध्याकाळी ७

पोनीटेलने घशात काडी फिरवली, ती पट्टीच्या टेस्टला लावली. दहा मिनिटांत दोन रेघा. स्ट्रेप म्हणतात. बॅक्टेरिया. वजन करून अँटिबायोटिक दिलं, पातळ, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस. म्हणाली, दोन-तीन दिवसांत ही उड्या मारायला लागेल, तरी एकही डोस सोडायचा नाही. अर्धवट सोडलं तर काही मुलांमध्ये पुढे सांध्यांवर जातं, हृदयाच्या झडपांवर जातं. हे सगळं तिने सूनबाईकडे पाहून सांगितलं. सूनबाई ऑफिसातून धावत आली होती. गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड.

मी विचारलं, मला नाही म्हणालात आणि हिला लगेच दिलंत, ते कसं? पोनीटेलने पेनाने फक्त तक्त्याकडे दाखवलं.

मग तिने विचारलं, कधीपासून दुखतंय. सूनबाई म्हणाली, आजच. इन्स्पेक्टर म्हणाली, नाही, काल दोन वाजल्यापासून. मी आजीला सांगितलं. आजीने सतराचा पाढा दिला.

दवाखान्यातले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी तक्ता वाचत होते.

नोंद असावी: पांढरे ठिपके सर्वांत आधी मी पाहिले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच त्यांच्याकडे गेले. पोर झोपलेली. कपाळावर हात ठेवून तासभर बसले. आपला थर्मामीटर जुना आहे, दुसऱ्या मार्गाने खात्री केलेली बरी. ताप उतरत होता. मी असेपर्यंत तिने दोनदा पाणी मागितलं, दोन्ही वेळा आईकडे.

वर्गशिक्षिकेचा फोन आला होता म्हणे. तुमच्याकडून चिठ्ठी तपासून परत आली, पण मुलीची तब्येत कशी आहे? सूनबाई पोळपाट धुवत होती. पाठमोरीच म्हणाली, आई, ती चिठ्ठी मला दाखवायची होती.

बस, एवढंच. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

दुपारी

डबा जप्त. सूनबाईने तो मुलाकरवी केमिस्टकडे पाठवला, एकेक गोळी ओळखायला. केमिस्टने चौकशीच्या निमित्ताने मला फोन केला. पिवळ्या अँटिबायोटिकच आहेत काकू, तारीख उलटून दोन वर्षं झाली असणार. पांढऱ्या छोट्या प्रवासाच्या आहेत, गाडी लागू नये म्हणून घेतात. मुलाच्या लग्नाला बसने गेला होतात, तेव्हा मीच दिल्या होत्या. लहान मुलाला देऊ नका हं, फार गुंगी येते. मग म्हणाला, घरात गाडी लागली नाही ना?

त्या शुक्रवारी मला गाडी लागली नव्हती, हे खरं आहे.

मी नवव्या तारखेला कशाने बरी झाले, याची चौकशी चालू आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इन्स्पेक्टर आली. ताप नाही, शाळेत जाऊन आली. सूनबाईला रजा मिळाली नाही, म्हणजे माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही. ट्रायल चालू.

औषधाची बाटली दप्तरातून येते. दुपारचा डोस आमच्याकडे. द्यायचा मात्र ह्यांनी, असं ठरलंय. कोणी ठरवलं ते मला सांगितलेलं नाही. इन्स्पेक्टरने बाटलीवर पेन्सिलने रेघा मारल्यात, एका डोसाला एक. फ्रिजवर दहा चौकोनांचा कागद. दिवस संपला की शिक्का. शब्द नामंजूर असला तरी अर्थ झालं असा, असं तिने मला समजावून सांगितलं.

आज चार बिस्किटं खाल्ली आणि सोफ्यावरून तीन उड्या. माझ्या मते साफ बरी आहे. आणि बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३

विचार केला. ठणठणीत मुलीच्या पोटात रोज तीनदा औषध ओतायचं, आणि पुढच्या वेळी खरंच घसा दुखला की परत पोनीटेलच्या पाया पडायचं. हृदयाचं वगैरे ती सगळ्यांनाच सांगत असणार. घाबरवल्याशिवाय यांची फी निघत नाही. मी काही सगळं काढणार नाही. फक्त तीन डोस. ज्याच्या घरात औषध असतं, तो आजारी मुलासमोर हात चोळत बसत नाही. मी शुक्रवारी बसले होते.

जॅमची रिकामी बरणी उकळून घेतली. तीन डोस काढले. लेबल: ‘घसा, लहान, गुलाबी’. बरणी साखरेच्या डब्यामागे.

दुपारी ४

इन्स्पेक्टर म्हणाली, तीन रेघा गेल्या. म्हटलं, वाफ झाली असेल. ती आजोबांकडे गेली. आजोबा, बूच लावलेल्या बाटलीतून एका तासात किती वाफ होते? पाणीपुरवठ्याचा माणूस. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं. म्हणाले, काहीच नाही.

सात मिनिटांत बरणी सापडली. शिक्का सरळ बसला या वेळी. ताप आता नाही.

ह्यांनी दवाखान्यात फोन केला. पोनीटेल म्हणाली, बरणीतलं वापरू नका, मी चिठ्ठी देते, दुसरी बाटली घेऊन जा. हे आणायला गेले. सूनबाईला सांगू नका असं मी म्हटलेलं नाही. तिला उगाच त्रास नको, इतकंच म्हटलं. ह्यांनी सहा वाजता सांगितलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन आठवडे आज संपले. निकाल नाही. मी विचारणार नाही. फक्त सूनबाईला सहज म्हटलं, सोमवारी पोरीसाठी भात लावायचा की नाही, तेवढं कळलं तर तांदूळ भिजवायला बरं. म्हणाली, उद्या बोलू आई.

उद्यासाठी चार मुद्दे काढून ठेवलेत. एक, अनुभव. दोन, शिस्त. तीन, घर जवळ. चौथा लिहिला होता, खोडला. तो मुद्दा नव्हता. ती आली नाही तर दुपारी काय करायचं, असा प्रश्न होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुद्दे मांडायची वेळ आली नाही. सूनबाईने शाळेचा फॉर्म पुढे ठेवला. ‘शाळा सुटल्यानंतर जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात ह्यांचं नाव, नातं आजोबा, फोन, सही. त्याखाली ‘घरातील इतर व्यक्ती’. तिथे मी.

म्हणाली, बाबा घरात आहेत म्हणून ठेवतेय आई, स्पष्टच सांगते. आणि हिनेच हट्ट धरला. पाळणाघरात जाणार नाही म्हणते, आजीकडे लक्ष द्यायला कोणीतरी हवं.

मी फॉर्म दोनदा तपासला. एक चूक सापडली नाही.

सही केली. इतर व्यक्तींचा रकाना फार लहान ठेवतात. अक्षर बारीक काढावं लागलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३

कोर्स काल संपला. फ्रिजवर दहा चौकोन, दहा शिक्के. रिकामी बाटली छान होती, झाकण घट्ट बसणारं. टाकून दिली. कोणी पाहत नव्हतं तरी टाकली, याची नोंद असावी.

सकाळपासून माझ्या घशात पुन्हा खवखव. कोणाला बोलले नाही. हे फिरायला गेल्यावर ग्लासभर कोमट पाणी घेतलं, अर्धा चमचा मीठ, सुरीने सपाट करून. चव कशी लागते ते बघायला. आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, कारण इन्स्पेक्टर शाळेतून येता येता धावत वर आली आणि न्हाणीघराच्या दारात उभी राहिली.

म्हणाली, खोकला आहे का. आहे म्हटलं. नाक वाहतंय का. वाहतंय. जबड्याखाली दोन्हीकडे बोटं लावून पाहिली, थंडगार. ताप? नाही म्हटलं. थर्मामीटर जुना आहे, तेवढ्यावर जाऊ नकोस.

तिने माझा हात उलटा केला, मनगटावर नामंजूर मारलं आणि खेळायला गेली.